चळती, फळ्या आणि वर्षाला एक मीटर

कोपऱ्यातली_चळत

वाचणाऱ्याच्या घरी कपाट भरलं की पुस्तकं थांबत नाहीत, फक्त जागा बदलतात. आधी उशाशी, मग जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा, मग जिन्याच्या पायऱ्या. आणि मग "ही चळत कोणाची?" हा प्रश्न घरात रोज विचारला जातो.

या चर्चेच्या धाग्याची सुरुवात टेपने करू. "किती पुस्तकं आहेत" यापेक्षा "किती मीटर आहेत" हा प्रश्न कामाचा. जमिनीवरच्या चळतीची उंची मोजायची, उभी लावल्यावर तेवढीच फळी लागते. सरासरी जाडी २ सेंमी धरली तर मीटरमागे ५० पुस्तकं. महिन्याला चार पुस्तकं घरात येत असतील तर वर्षाची ४८, म्हणजे जवळजवळ एक मीटर. आता ९० सेंमी रुंद, पाच फळ्यांचं कपाट घेतलं की साडेचार मीटर जागा होते. पण आजच दोन मीटर पुस्तकं जमिनीवर असतील तर ते नवं कपाट अडीच वर्षांत भरणार. कपाट घेतल्यावर "आता प्रश्न मिटला" वाटतं ते यामुळेच फसवं असतं.

फळ्या, चळती, ओल, कीड, नोंदी, काहीही लिहा. आठवणी सांगायला दुसरे धागे आहेत, इथे मापं आणि कृती हवी.

सुतारपक्षी

मीटरची कल्पना आवडली, पण मीटरसोबत किलोही धरा. नेहमीच्या आकाराची पुस्तकं (१४ x २१.५ सेंमी) मीटरभर लावली की २० ते २५ किलो होतात. चित्रांची मोठी, गुळगुळीत कागदाची पुस्तकं मीटरला ५० ते ७० किलोपर्यंत जातात, कारण त्या कागदावर खनिजांचा लेप असतो. त्यांना वेगळी, आखूड आणि सगळ्यात खालची फळी.

फळी वाकण्याचं गणित लोकांना कळत नाही आणि सुतार सांगत नाहीत. सारखी पुस्तकं भरलेली फळी लांबीच्या चौथ्या घाताने वाकते. म्हणजे ६० सेंमीची फळी ९० सेंमीची केली, तर बाक दीडपट नाही, पाचपट येतो. जाडीचं उलट: जाडी दुप्पट केली की बाक आठवा हिस्सा.

१८ मिमी पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा गोंदाने दाबून केलेली पाटी), फळीची खोली २५ सेंमी, भार मीटरला २५ किलो:
६० सेंमी फळी: मध्यात साधारण दीड मिमी.
९० सेंमी फळी: साधारण ७ मिमी.

हा पहिल्या दिवसाचा बाक. भार कायम राहिला की लाकडी पाट्या हळूहळू आणखी वाकत जातात, पार्टिकल बोर्ड तर काही वर्षांत दुपटीपर्यंत जातो. मीटरमागे अडीच-तीन मिमीच्या पुढे गेलं की डोळ्याला दिसायला लागतं. तेव्हा पार्टिकल बोर्डला ६० सेंमीची मर्यादा, चांगल्या १८ मिमी प्लायला ७५.

तयार कपाट ९० चं आहे आणि फळ्या झुकल्यात? टाकून देऊ नका. फळी काढून उलटी लावा, बाक वर येईल. त्याआधी पुढच्या कडेला, उलटवल्यावर खाली येणाऱ्या बाजूने, ४० मिमी उभी, १८ मिमी जाड सागवानी किंवा तशाच कडक लाकडाची पट्टी चिकटवा आणि दर १५ सेंमीवर स्क्रू मारा. तेवढी एक पट्टी एकटी पार्टिकल बोर्डच्या अख्ख्या फळीच्या तिपटीहून ताठ असते. मागच्या कडेला पाठीच्या पॅनलवर एक साधी काठपट्टी दिली की काम झालं.

दोन_रांगा

+१. पट्टीने खालच्या कप्प्याची उंची ४ सेंमी कमी होते, तेवढं आधी धरा. कप्पा २५ सेंमी उंच असेल तर २१.५ चं पुस्तक आत जाताना पट्टीला अडकतं. २७ हवा.

सुतारपक्षी, खोल कपाटात पुढे-मागे दोन रांगा लावल्या तर? मागची रांग विसरलीच जाते.

सुतारपक्षी

दोन रांगा म्हणजे भारही दुप्पट, हे आधी. वरचा हिशेब एका रांगेचा आहे.

मागच्या रांगेखाली ८ सेंमी उंचीचा लाकडी ओटा सरकवा, कण्यांचा वरचा भाग दिसतो आणि नावं वाचता येतात. त्यासाठी कप्पा किमान ३२ सेंमी उंच आणि ३२ सेंमी खोल लागतो. इतकी उंची नसेल तर दोन रांगा करू नका. मागे काय आहे हे फक्त नोंदवहीला माहीत, अशी स्थिती होते.

आणि कपाट भिंतीला बांधायचं, हे ऐच्छिक नाही. उंच आणि २५-३० सेंमी खोल कपाट मुलाने खालच्या फळीवर पाय ठेवला तरी पुढे येऊ शकतं. वरच्या कडेला दोन एल-अँगल, भिंतीत प्लास्टिकची गिट्टी आणि ५० मिमीचा स्क्रू. गिलाव्यातच संपणारा स्क्रू काही धरत नाही, तो विटेत किंवा काँक्रीटमध्ये गेला पाहिजे. कपाटाच्या बाजूने स्क्रू जाड पाटीत घ्यायचा, पाठीच्या ३ मिमी पॅनलमध्ये नाही.

जमिनीवरच_बरं

कपाटाला जागाच नाही त्यांचं काय? चळती वाईट नाहीत, लावायची रीत चुकते.

पेपरबॅकचा कणा गोंदामुळे मोकळ्या कडेपेक्षा थोडा जाड असतो. दहा पुस्तकं एकाच दिशेने रचली की प्रत्येकाचा अर्धा-एक मिमी जमा होतो आणि चळत पानांच्या बाजूला कलते. दर तीन-चार पुस्तकांनी कणा उलट दिशेला फिरवा, वर सपाटी येते. आकार खाली मोठा, वर लहान. उंची ४० सेंमीच्या वर नको: त्यापुढे तळातलं पुस्तक कोणी काढत नाही, आणि काढलं तर उरलेलं सगळं जमिनीवर.

चळतीचा खरा शत्रू फरशी पुसणं. ओल्या पोछ्याचं पाणी तळाच्या पुस्तकाची कड शोषून घेते. वरून काही दिसत नाही. महिन्यांनी उचललं की खालच्या मुखपृष्ठावर तपकिरी लाटेसारखी रेघ आणि पुठ्ठा फुगलेला. चळतीखाली १० सेंमी उंचीचा लाकडी पाट किंवा पायांची फळी ठेवा. नुसता पुठ्ठा ठेवू नका, तो स्वतःच पाणी पितो.

टेबलावरची चळत ट्रेमध्ये ठेवा. जेवायच्या वेळी ट्रे उचलायचा, पुस्तकं नाही. ट्रेमध्ये मावतील तेवढीच. सहा-सात किलोच्या वर गेला की तो उचलला जात नाही आणि मग पुन्हा टेबलच पुस्तकांचं होतं.

दमटहवा

जमिनीवरच_बरं यांनी फरशीचं सांगितलं, मी भिंतीचं आणि हवेचं सांगतो.

एक छोटा आर्द्रतामापक घ्या आणि कपाटाच्या आत ठेवा, खोलीत नाही. दोन्ही आकडे सहसा जुळत नाहीत. सापेक्ष आर्द्रता ३५ ते ५५ टक्के असेल तर उत्तम. ६५ च्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते. आकडा पटापट वरखाली होणंही वाईट, पुठ्ठा वाकतो आणि परत येत नाही.

कपाट न्हाणीघराच्या भिंतीला आणि बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. बाहेरची भिंत थंड असते, कपाटामागे हवा फिरत नाही, ओल तिथेच साठते. ३ ते ५ सेंमी मोकळं सोडा. (भिंतीला अँगलने बांधताना मध्ये लाकडी ठोकळा घालायचा, म्हणजे दोन्ही साधतं.)

आणखी एक, जे कोणाच्या लक्षात येत नाही: कपडे खोलीत वाळत घालणं. पाच किलो कपड्यांतून यंत्राने पिळल्यावरही साधारण दोन लिटर पाणी हवेत जातं. पुस्तकांच्या खोलीत दोरी असेल तर तो मापक संध्याकाळी बघा.

काचेच्या दारांवरून भांडण होतं म्हणून आधीच लिहितो. धूळ थांबते, हे खरं. पण ओल्या दिवसांत आत गेलेली ओल बाहेर पडत नाही. दारांना वर-खाली ५ मिमी फट ठेवा, आणि हवा कोरडी असेल त्या दिवशी दोन-तीन तास उघडी टाका.

कसर_नको

काचेच्या दारांबद्दल अर्धं सहमत. उघडी फळी असेल तर धूळ बसते आणि धूळ ओल धरते, तिथेच बुरशीची सुरुवात. दारं हवीतच, फट हवी हेही बरोबर.

आता किडी. कोणती आहे ते ओळखल्याशिवाय औषध मारू नका.

चंदेरी, मासोळीसारखी, दिवा लावला की पळणारी ती कसर. खळ, गोंद आणि कागदाचा वरचा थर खाते, त्यामुळे अक्षरं खरवडल्यासारखी दिसतात आणि कडा नक्षीसारख्या होतात. तिला दमटपणा लागतो. मापक ५० च्या खाली ठेवलात तर निम्मं काम झालं.

पानं उघडली की टाचणीच्या टोकाएवढे फिकट किडे धावतात, ते कागद खात नाहीत, कागदावरची सूक्ष्म बुरशी खातात. हे दिसले म्हणजे ओल आहे एवढंच समजा. काही आठवडे कोरड्या हवेत ठेवले की आपोआप मरतात. औषधाची गरज नाही.

गोल, सुईने टोचल्यासारखी भोकं आणि फळीवर पिठासारखा भुसा: भुंगेऱ्याच्या अळ्या. ही खरी काळजीची गोष्ट. भुसा झटका, खाली पांढरा कागद ठेवा, आठवड्याने बघा. पुन्हा पडला तर अळी जिवंत आहे.

भिंतीवरून किंवा कपाटाच्या पायावरून मातीची नळी: वाळवी. नळी मोडून समाधान मानू नका, येण्याचा रस्ता भिंतीत आहे. पुस्तकं आधी हलवा, मग वाळवीवर काम करणाऱ्या माणसाला बोलवा. घरगुती उपायांवर घालवलेला आठवडा वाळवीच्या खात्यात जमा होतो.

पानवाळ

डांबराच्या गोळ्या कोणी सुचवायच्या आत: त्यांच्या वाफेने कीड मरायला वाफ दाट लागते, म्हणजे बंद पेटी. उघड्या कपाटात त्या फक्त वास देतात, आणि तो वास झोपायच्या खोलीत रोज घेणं चांगलं नाही. वास कागदातही मुरतो.

दोन_रांगा

मग अळ्यांवर उपाय काय? ऊन?

कसर_नको

ऊन नको. अळी पानांच्या मध्ये असते, तिथे ऊन पोचत नाही. वर कण्याचा रंग उडतो आणि गोंद ठिसूळ होतो.

शीतपेटी. क्रम असा:
१. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, चिकटपट्टीने पक्कं बंद करा. पिशवी महत्त्वाची, नाहीतर बाहेर काढताना पुस्तकावर पाणी सुटतं.
२. घरच्या फ्रीझरच्या कप्प्यात, उणे १८ अंश किंवा त्याहून खाली, किमान दोन आठवडे. एका वेळी दोन-चार पुस्तकं, मध्ये जागा सोडून. खच्चून भरलं की आतलं पुस्तक हळूहळू थंड होतं आणि हळूहळू थंडीची सवय झालेली कीड वाचते.
३. बाहेर काढून पिशवी न उघडता २४ तास ठेवा. हा टप्पा लोक गाळतात.
४. उघडून मऊ ब्रशने भुसा झटका, पांढऱ्या कागदावर महिनाभर लक्ष ठेवा.

चामड्याच्या बांधणीचं किंवा आत फोटो चिकटवलेलं पुस्तक घरी गोठवू नका.

पानवाळ

भिजलेल्या पुस्तकाचं लिहितो, तो रोजचा प्रकार आहे (उशाशी पाण्याचं भांडं, हा प्रकार बंदच करा).

४८ तास. त्यानंतर बुरशी. पूर्ण भिजलेलं पुस्तक उघडू नका, ओला कागद फाटतो. आधी खाली टिपकागद घालून उभं करून निथळू द्या. मग पुठ्ठे साधारण ९० अंशात उघडून उभं ठेवा, पंखा थेट पानांवर न मारता बाजूने लावा. दर १० ते १५ पानांमागे एक टिपकागद, दर दोन तासांनी बदला. त्याहून जास्त कागद घातले तर कणा फाकतो. वाळत आलं, अजून हाताला थंड लागतंय, अशा वेळी आडवं ठेवून वर पाच-सहा किलो वजन द्या. पूर्ण वाळल्यावर दिलेल्या वजनाने सुरकुत्या जात नाहीत.

केस वाळवायचं यंत्र नको. कडा आधी वाळतात, आत ओल राहते, पान पन्हाळीसारखं होतं.

गुळगुळीत कागद भिजला तर घाई करा. त्यावरचा लेप वाळताना गोंदासारखा चिकटतो आणि पानं एकमेकांना कायमची लागतात. ताबडतोब पिशवीत घालून फ्रीझरमध्ये, आणि मग सवडीने, पान न पान सोडवत.

नोंदवही

सगळे जागा आणि कीड यांवर बोलताय. मीटर मोजून झाल्यावर कोणत्या मीटरमध्ये काय आहे हे कळायला यादी लागते.

स्तंभ सातच ठेवा: नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, भाषा, जागा, कोणाकडे. "जागा" म्हणजे कपाटाचं अक्षर आणि फळीचा क्रमांक: क-३. पुस्तकावर क्रमांक चिकटवायची गरज नाही, शेवटच्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात २बी पेन्सिलीने लिहा. बॉलपेनचा ठसा पुढच्या पानावर उठतो.

मागच्या बाजूचा आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) मोबाइलने वाचून माहिती आपोआप भरली जाते, पण सगळ्यांची नाही. तो १ जानेवारी २००७ पासून १३ अंकी आहे, त्याआधी १० अंकी होता. जुन्या पुस्तकांवर असेलच असं नाही, आणि मराठी पुस्तकांची आपोआप आलेली नावं बऱ्याचदा रोमनमध्ये येतात. हाताने देवनागरीत टंका.

आणि इथे एक खड्डा. "ऱ्य" दोन पद्धतीने टंकता येतो: एक ऱ (नुक्त्याचा र) घेऊन, दुसरा साधा र आणि मधे अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र दोन वेगळे शब्द. तसंच ॲ: एक अक्षर, किंवा अ वर चंद्र. "दुसऱ्या" शोधलं, सापडलं नाही, म्हणून तेच पुस्तक पुन्हा विकत घेतलं, हे या खड्ड्यामुळे होतं. कळफलक एकच ठरवा, आणि यादीत एकदा शोधा-आणि-बदला चालवून सगळं एका रूपात आणा. "कादंबरी" आणि "कादम्बरी" यांचंही तेच.

कोपऱ्यातली_चळत

हे बरंच नवीन कळलं. उसनी दिलेली पुस्तकं यादीत कशी?

नोंदवही

"कोणाकडे" या स्तंभात नाव आणि तारीख. त्याहून खात्रीचं: नेणाऱ्याचा पुस्तक हातात धरलेला फोटो. तारीख आपोआप येते, आणि "माझ्याकडे नाही" हे वाक्य कमी ऐकू येतं.

जमिनीवरच_बरं

अवांतर: माळ्यावर खोकी ठेवणाऱ्यांसाठी. ४० x ३० x ३० सेंमीचं खोकं पुस्तकांनी भरलं की २० किलोच्या पुढे जातं, शिडीवरून उतरवणं धोक्याचं. ४० x ३० x २० घ्या, १४-१५ किलो. पुस्तकं आडवी, किंवा कणा खाली करून उभी. कणा वर ठेवला तर पानं गोंदातून सुटतात. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात ओल्या दिवसांत भरलं तर ओलही आत बंद होते. कोरड्या दिवशी भरा.

दोन_रांगा

पुस्तकं कमी कशी करायची, यावर कोणी बोलत नाही :)

सुतारपक्षी

मी बोलतो. मीटरमध्येच. वर्षाला एक मीटर येतं, रिकामी जागा साडेचार मीटरची, मग पाचव्या वर्षापासून वर्षाला एक मीटर बाहेर काढावंच लागतं. कपाटं वाढवून हे टळत नाही, लांबतं फक्त. फार तर सहावी फळी.

सोपी जातात ती आधी: एकाच पुस्तकाच्या दोन प्रती, जुनी झालेली संगणकाची आणि परीक्षेची मार्गदर्शकं. अडतात ती खोक्यात घाला, खोक्यावर तारीख, सहा महिने. यादीतून काढू नका, "जागा" मध्ये "खोकं" लिहा. सहा महिन्यांत त्यातलं जे शोधलं गेलं ते परत फळीवर.

ग्रंथालयाला द्यायचं तर आधी यादी पाठवा, पुस्तकं नंतर. दाखल करणं, क्रमांक देणं, जागा शोधणं हा त्यांचाही खर्च आहे, न विचारता आणलेली पोती बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत.

कसर_नको

खोकं वाळवीच्या वाटेवर नको. आणि बाहेर काढलेली, कोणाकडून आलेली जुनी पुस्तकं थेट फळीवर लावू नका. दोन आठवडे वेगळी, पांढऱ्या कागदावर. भुसा पडला नाही तर मग आत.

पानवाळ

मुलांना एकच शिकवा: पुस्तक कण्याच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढायचं नाही. शेजारची दोन पुस्तकं आत ढकलायची आणि मधलं कमरेला धरायचं. फळीवर इतकी जागा हवी की दोन पुस्तकांमध्ये बोट जाईल. घट्ट कोंबलं की चकचकीत मुखपृष्ठं एकमेकांना चिकटतात. सैल ठेवलं की पुस्तकं कलतात आणि बांधणी कायमची तिरकी होते. सैल फळीला धातूचा एल-टेकू लावा, पण त्याची पातळ पत्री पुस्तकाच्या पानांत घुसते. पत्रीला एक जाड पुठ्ठा चिकटवून मग सरकवा.

कोपऱ्यातली_चळत

टेप घेऊन उठतो. घरात मोजलं तर एकूण ११ मीटर ४० सेंमी निघतात, कपाटांत जागा नऊ मीटरची. म्हणजे २ मीटर ४० जमिनीवर. आधी पाट, मग पट्टी.